काळ्या काचांचे अभय

बुलढाणा जिल्ह्यात, मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम येथे विवेकानंद जयंतीच्या उत्सवात जी महापंगत बसते, ती ज्याने एकदा पाहिली त्यास तिचा विसर पडणे कठीण. शुकदास महाराजांच्या आश्रमाच्या या उत्सवात मोकळ्या रानात ओळींमागून ओळी बसतात, ट्रॅक्टरांतून पुरी आणि वांग्याची भाजी वाढली जाते, आणि लक्षावधी माणसे शिस्तीने जेवून उठतात. तेथे शेतकरी आणि वकील एकाच मातीवर बसतात. कोणापुढे पडदा नसतो. परंतु त्या पंगतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मात्र निराळे दृश्य दिसते. पायी चालणारे भाविक, सायकली, बैलगाड्या आणि एस.टी.च्या गाड्या यांच्यामधून कर्णा वाजवीत वाट काढणाऱ्या मोटारींत काही अशा असतात की, त्यांच्या काचांतून आत माणूस आहे किंवा नाही हेही कळू नये. पंगतीत जो नियम सर्वांस सारखा आहे, तो रस्त्यावर का नसावा, एवढाच आमचा प्रश्न आहे.

नियम काही नवा नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील शंभराव्या नियमाने मोटारीच्या पुढच्या व मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के दृश्य प्रकाश आरपार गेला पाहिजे, असे ठरवून दिलेले आहे. हा नियम तेवीस वर्षे कागदावर स्वस्थ निजला होता. त्यास सर्वोच्च न्यायालयाने जागे केले. अविषेक गोयंका यांच्या जनहित याचिकेवर 27 एप्रिल 2012 रोजी निकाल देताना सरन्यायाधीश कपाडिया यांच्या पीठाने काचांवर काळी फिल्म चिकटविण्यास मनाई केली आणि 4 मे 2012 पासून ती अमलात आणण्यास सांगितले. सवलतीचा विचार व्हावयाचा तो केवळ झेड आणि झेड प्लस दर्जाची सुरक्षा असलेल्यांपुरता. त्यानंतर काही आठवडे चौकाचौकांत फिल्मा सोलून काढल्या गेल्या, वृत्तपत्रांत छायाचित्रे आली, आणि मग सारे पूर्ववत् झाले.

त्याच वर्षी 16 डिसेंबरच्या रात्री दिल्लीत एका तरुणीवर जो अमानुष अत्याचार झाला, तो काळ्या काचांच्या आणि पडद्यांच्या बसमध्ये झाला. ती बस राजधानीच्या रस्त्यांवरून फिरत राहिली आणि आत काय चालले आहे हे बाहेर कोणास दिसले नाही. काच पारदर्शक असती तर गुन्हा टळलाच असता, असे छातीठोकपणे कोणीही म्हणणार नाही. पण पाहणाऱ्याची भीती हा गुन्हेगारावरील पहिला अंकुश असतो, आणि काळी काच तोच अंकुश काढून घेते.

गुन्ह्याचा विषय क्षणभर बाजूस ठेवला तरी अपघाताचा उरतोच. रस्ता ओलांडणारी म्हातारी चालकाच्या नजरेकडे पाहून पाऊल टाकते. त्याने आपणास पाहिले, एवढा विश्वास तिला पुरतो. काळ्या काचेपुढे तो विश्वासच संपतो. दिवेलागणीच्या वेळी तर खुद्द चालकालाही बाजूने येणारा सायकलस्वार वेळेवर दिसत नाही. रस्ता हा परस्परांच्या नजरेवर चालणारा व्यवहार आहे, हे मोटारीत बसणारा फार लवकर विसरतो.

विदर्भ-वऱ्हाडच्या उन्हाचा दाखला देऊन कोणी आमच्याशी वाद घालील, आणि तो वाद पोकळ नाही. मे महिन्यात अकोल्याहून मेहकरपर्यंत मोटारीने येणाऱ्यास, विशेषतः सोबत लहान मूल किंवा आजारी माणूस असल्यास, काय सोसावे लागते हे आम्ही अनुभवाने जाणतो. परंतु उष्णता आणि काळोख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सूर्याच्या उष्णतेचा मोठा भाग डोळ्यांस न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतून येतो. तो अडवूनही दृश्य प्रकाश पुरेसा आत सोडणारी काच बनविता येते व मिळते. म्हणजे उन्हापासून रक्षण हवे असणाऱ्यास कायद्याच्या आत राहून मार्ग मोकळा आहे. ज्यास काळोखच हवा आहे, त्याने उन्हाचे नाव पुढे करू नये.

आता कायद्याने आणखी एक वळण घेतले आहे. 1 एप्रिल 2021 पासून शंभराव्या नियमात सुरक्षा-काचेबरोबर ‘सेफ्टी ग्लेझिंग’लाही स्थान मिळाले आणि त्याच्या आधारे केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये, 70 व 50 टक्क्यांची मर्यादा पाळणारी प्रमाणित फिल्म हा गुन्हा नव्हे, असा निर्णय दिला. यामुळे सर्व मोकळे झाले असा सोयीस्कर समज काहींनी करून घेतला आहे. तो चुकीचा आहे. मर्यादा आहे तेथेच आहे. 70 टक्के प्रकाश सोडणाऱ्या काचेवर 70 टक्के प्रकाश सोडणारी फिल्म लावली, तर आत येतो तो 49 टक्के; म्हणजे बाजूच्या काचेचीही मर्यादा मोडली. शाळेतील मुलालाही करता येईल असा हा गुणाकार आहे.

पण मोजणार कोण, आणि कशाने? प्रकाश मोजण्याचे यंत्र हाती नसेल तर वाहतूक शिपायाची नजर हेच माप ठरते. आणि जेथे माप नसते तेथे घासाघीस सुरू होते. शिवाय 2012 मध्ये पहिल्या गुन्ह्यास 100 रुपये असलेला दंड 2019 च्या सुधारित कायद्याने 500 आणि पुढील गुन्ह्यांस 1500 रुपये झाला, तरी लक्षावधी रुपयांच्या मोटारीच्या मालकास ती रक्कम म्हणजे काळोखाचे भाडे वाटते. दंड भरून फिल्म तशीच राहिली, तर कायद्याने परवानाच विकला असे होते.

आम्ही पूर्वी काही वर्षे शिक्षकाचा पेशा केला आहे. वर्गात एका वजनदार गृहस्थांच्या मुलास गैरहजेरी माफ झाली की, पुढच्या आठवड्यात अर्धा वर्ग रिकामा असे, आणि मग छडी बसे ती गरिबाच्या मुलास. रस्त्याचीही हीच कथा आहे. हेल्मेट नसलेला दुचाकीस्वार अडविला जातो. पुढाऱ्याच्या नावाची पाटी मिरविणाऱ्या काळ्या काचेच्या मोटारीस सलाम मिळतो.

म्हणून आमचे मागणे तीन गोष्टींपुरते आहे. प्रत्येक तालुक्याच्या वाहतूक पोलिसांस प्रकाशमापक यंत्र द्यावे. मर्यादा मोडणारी फिल्म दंडाबरोबर जागच्या जागी उतरवावी. आणि तपासणीचा आरंभ सरकारी कार्यालयांच्या व पक्षकचेऱ्यांच्या आवारात उभ्या असलेल्या मोटारींपासून करावा. यांतील पहिल्या गोष्टीस थोडा पैसा लागेल, दुसरीस थोडा वेळ. तिसरीस लागेल ते केवळ धैर्य, आणि आजवर अडले आहे ते तेथेच. सुशिक्षित मोटारमालकांनी मात्र पोलिसांची वाट पाहू नये. आपल्या काचा आपण होऊन स्वच्छ केल्या, तर पंगतीस येणाऱ्या पायी माणसाच्या नजरेस नजर देण्याचा अधिकार त्यांस परत मिळेल.