पक्षी दिसला, जमीन गेली

थारच्या वाळवंटात कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांचा दिवस बहुधा ठरलेला असतो. सकाळी पक्षी, संध्याकाळी खडक आणि मधल्या वेळात सावली. कारण तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरू लागली की लेन्स कितीही महागडी असली तरी दूरचा पक्षी धूसरच येतो. उजेडाच्या दृष्टीने ही वाटणी सोयीची आहे. पण तिच्यामुळे पक्षी वेगळा आणि खडक वेगळा असा समज घट्ट होतो, आणि तो खोटा आहे. वाळवंटी चंडोलाचंच पाहा. जॉर्डन आणि सीरियातल्या काळ्या बेसाल्टवर राहणारे चंडोल काळपट असतात, तर फिक्या वाळूवरचे त्याच जातीचे चंडोल फिके असतात. मागची जमीन पुसून टाकलेल्या फोटोत हा रंग निव्वळ मळकट दिसतो. लांब चोचीच्या गिधाडांची घरटी कड्याच्या कपारीत असतात. खाली ओघळलेले विष्ठेचे पांढरे पट्टे सांगतात की ही जागा त्यांच्या नेहमीच्या वापरातली आहे. तो कडा वगळून नुसती चोच टिपली, तर गिधाडाचा पत्ताच हरवतो.

यावर जाणकार म्हणतील की चंडोलासारखे पक्षी ओळखायचे तर पिसन् पीस दिसायला हवं, दूरच्या फोटोत ते कसं दिसणार? आक्षेप रास्त आहे. ओळख पटवण्यासाठी जवळचा फोटो हवाच. मात्र ओळख पटली म्हणजे पक्षी कळला असं नव्हे, आणि स्पर्धांमधून, समाजमाध्यमांवरून फिरणारे बहुतेक फोटो ओळखीसाठी काढलेलेही नसतात. धूसर पार्श्वभूमी ही तिथे सौंदर्याची एकमेव कसोटी होऊन बसली आहे. शिवाय परिसरासह फोटो काढायचा तर पक्ष्याच्या अंगावर जावं लागत नाही. जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांना याचा फायदा किती, हे वेगळं सांगायला नको.

दुसरा आक्षेप सौंदर्याचा. जैसलमेरच्या माळावर पवनचक्क्या, सौर प्रकल्प आणि विजेच्या तारा आहेत. त्या फोटोत कोणाला हव्यात? पण माळढोकाचा काळ तर त्या ताराच ठरल्या आहेत. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे समोरचं त्याला कमी दिसतं. शरीर जड, त्यामुळे तार जवळ आल्यावर झटकन वळताही येत नाही. उरलेले पक्षी दीडशेच्या आसपासच, आणि मादी बहुधा एका वेळी एकच अंडं घालते. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. २०२१मध्ये तारा भूमिगत करण्याचा आदेश निघाला आणि २०२४मध्ये तो शिथिल झाला. या सगळ्या काळात माळढोकाचे देखणे फोटो मात्र निर्मळ आभाळाखालचेच निघत राहिले. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य आहे. तिथे तो आता क्वचितच दिसतो. या हिवाळ्यात जैसलमेरला जाणार असाल, तर मोठ्या लेन्सबरोबर एक छोटी लेन्सही घ्या, आणि फ्रेममध्ये तार आली तर ती कापू नका.