काळजीखोर मूल

'मन चिंती ते वैरी न चिंती' ही म्हण आपण मोठ्यांसाठी वापरतो. पण मैत्रिणींनो, ती आठ-दहा वर्षांच्या मुलालाही लागू पडते बरं का! शाळेची वेळ झाली की पोटात दुखतं. बाबांना उशीर झाला की दहादा दारात जाऊन पाहणं. आज परीक्षेची धास्ती, तर उद्या आजीच्या खोकल्याची. आपण त्याला 'नाटकी' म्हणून मोकळ्या होतो. पण ते दुखणं खोटं नसतं. मन घाबरलं की पोट खरोखरच ढवळतं.

परीक्षेआधी चार दिवस धाकधूक वाटणं साहजिकच. पण बहुतेक दिवशी, अनेक गोष्टींची, न आवरणारी काळजी सहा महिने टिकली आणि सोबत झोपेची तक्रार, चिडचिड, थकवा, अंग आखडणं किंवा अभ्यासात लक्ष न लागणं, यांतलं काही असलं, तर तो चिंतेचा आजार असू शकतो. मोठ्या माणसांत यांतली तीन लक्षणं पाहतात. मुलांत एकही पुरतं.

आपण काय करतो? 'काही होणार नाही रे' असं वीसदा सांगतो, नाहीतर 'आज नको जाऊस शाळेत' म्हणतो. तेवढ्यापुरतं मूल शांत होतं. पण मनात बसतं, 'घरी राहिलो म्हणून वाचलो!' दुसऱ्या दिवशी भीती दुप्पट.

त्याऐवजी म्हणा, 'तुला भीती वाटतेय, कळतंय मला. अवघड आहे, पण जमेल तुला.' तोच प्रश्न पुन्हा आला तर उत्तर न देता, 'तुला काय वाटतं?' असं विचारा. शाळा बुडवू देऊ नका. अगदीच जड जात असेल तर बाईंशी बोलून आधी थोडा वेळ, मग पूर्ण वेळ, असं पायरीपायरीनं न्या. संध्याकाळी पंधरा मिनिटं 'काळजीची वेळ' ठरवा. मनातलं सगळं त्याला वहीत लिहू दे आणि वही मिटू दे. झोपताना मात्र हा विषय नको.

एवढं करूनही शाळा, जेवण, झोप बिघडतच असेल, तर आधी नेहमीच्या डॉक्टरांना पोट दाखवा, मग मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. 'लोक वेडं म्हणतील' ही भीती आपली, मुलाची नव्हे! बोलून, सवय लावून करायच्या उपचारांचा मुलांना चांगला गुण येतो; औषध सर्वांनाच लागतं असं नाही. सरकारची 'टेली मानस' ही फुकट सेवा 2022पासून आहे. 14416वर चोवीस तास मराठीतही बोलता येतं. मूल 'जगावंसं वाटत नाही' म्हणालं, तर मात्र एक दिवसही थांबू नका.