हात बोलतात, गुण मात्र आवाजाला

सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील दूरदृश्य प्रणालीद्वारे सर्वोच्च न्यायालयाच्या कामकाजात सहभागी झाल्या. त्यांच्यासाठी भारतीय सांकेतिक भाषेचा दुभाषी होता. त्याला पडद्यावर दिसू द्यावे की नाही, इथपासून सुरुवातीला अडचण आली. ती दूर झाली आणि पुढच्याच महिन्यात न्यायालयाने सनी यांच्यासाठी स्वतः दुभाष्याची व्यवस्था केली. देशाच्या न्यायव्यवस्थेने उचललेले हे पाऊल स्वागतार्ह होते. त्या पहिल्या सुनावणीत सॉलिसिटर जनरल तुषार मेहता यांनी दुभाष्याच्या वेगाची मनापासून प्रशंसा केली. ती प्रशंसा सद्भावनेची होती, याविषयी शंका नाही. तरीही तिच्यातून एक प्रश्न उभा राहतो आणि तो न्यायालयापुरता मर्यादित नाही. कर्णबधिर व्यक्ती सार्वजनिक व्यासपीठावर आपले म्हणणे मांडते, तेव्हा आपण नेमके कोणाकडे पाहतो, कोणाचे ऐकतो आणि गुण कोणाला देतो?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची संख्या ५० लाखांहून अधिक होती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी चार टक्के आरक्षण ठेवले आणि त्यातील एक टक्का कर्णबधिर व कमी ऐकू येणाऱ्या व्यक्तींना दिला. उच्च शिक्षणात पाच टक्के जागा दिव्यांगांसाठी राखीव झाल्या. प्रवेशाचे दार असे उघडले. पण दारातून आत गेल्यावर परिसंवादातील सादरीकरण, प्रकल्पाची तोंडी परीक्षा, प्रशिक्षणार्थी शिक्षकाचा नमुना पाठ आणि नोकरीची मुलाखत हे सगळे टप्पे ओलांडावे लागतात. या प्रत्येक ठिकाणी कोणीतरी समोर बसून निरीक्षण करतो आणि गुणपत्रकावर आकडे लिहितो. त्या गुणपत्रकाचा विचार आपल्या धोरणांत जवळपास कुठेच झालेला नाही.

तीन परीक्षक, तीन न्याय

काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षण संस्थेतील सादरीकरणांना मी निरीक्षक म्हणून उपस्थित होतो. बोलणारे बहुतेक प्रशिक्षणार्थी ऐकू येणारे होते. एकजण कर्णबधिर होता आणि तो सांकेतिक भाषेत मांडणी करत होता. सर्वांसाठी गुणपत्रक एकच होते. त्यात विषयाची मांडणी, उच्चारांची स्पष्टता, आवाजातील चढउतार, हावभाव आणि वेळेचे भान असे रकाने होते. सादरीकरण संपल्यावर तीन परीक्षकांनी तीन वेगवेगळे न्याय केले. एकाने उच्चार आणि आवाज या रकान्यांत पूर्ण गुण दिले, कारण त्याच्या मते या मुलाचे धाडसच मोठे होते. दुसऱ्याने ते रकाने रिकामे सोडले आणि बेरीज मात्र एकूण शंभरातूनच केली. तिसऱ्याने दुभाषी महिलेच्या आवाजाला गुण दिले आणि ते त्या प्रशिक्षणार्थीच्या नावावर लिहिले.

यांपैकी कोणाचाही हेतू वाईट नव्हता. पण त्या तिघांपैकी एकानेही त्या मुलाच्या मांडणीचे मूल्यमापन केले नव्हते. पहिल्याने दया केली, दुसऱ्याने शिक्षा केली आणि तिसऱ्याने दुसऱ्याच व्यक्तीची परीक्षा घेतली. त्याचा पाठ चांगला होता की सुमार, हे त्या दिवशी कोणालाच कळले नाही. आणि ते कळत नाही हेही कोणाला खटकले नाही.

यातला सर्वांत गंभीर भाग असा की, दुभाष्याने आपल्या नावावर काय सांगितले, हे कर्णबधिर वक्त्याला ऐकू येत नाही. दुभाष्याने एखादा मुद्दा गाळला, तांत्रिक संज्ञा चुकवली किंवा ठाम विधान गुळमुळीत केले, तर त्याची किंमत वक्त्याला मोजावी लागते. याउलटही घडू शकते. वक्त्याची विस्कळीत मांडणी कुशल दुभाषी सावरून घेतो आणि न मिळवलेले गुण वक्त्याच्या पदरी पडतात. लेखी परीक्षेत उत्तरपत्रिका मागे उरते, फेरतपासणी मागता येते. इथे मागे काहीच उरत नाही.

न कळणारी भाषा पाहताना

सांकेतिक भाषा म्हणजे बोलीभाषेचे हातवारे, हा समज अजूनही सुशिक्षितांत टिकून आहे. विल्यम स्टोको यांनी १९६० मध्ये अमेरिकी सांकेतिक भाषेची रचना उलगडून दाखवली, तेव्हापासून भाषाशास्त्रात तरी हा समज निकालात निघाला आहे. भारतातील सांकेतिक भाषेचा पद्धतशीर अभ्यास मदन वशिष्ठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात सुरू केला. पुढे उलरिके झेशान यांच्या संशोधनाने तिचे व्याकरण अधिक स्पष्ट झाले. या भाषेत भुवया उंचावणे किंवा मान हलवणे हा अभिनय नसतो, ते वाक्यरचनेचे अंग असते. ‘फार हावभाव करतो’ असा शेरा लिहिणारा परीक्षक, नकळत, व्याकरण शुद्ध असल्याबद्दल गुण कापत असतो.

दुसरे उदाहरण विरामाचे. भारतीय सांकेतिक भाषेत प्रश्नार्थक खूण आणि नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतात. इंग्रजीत नकार आधीच सांगावा लागतो. म्हणून इंग्रजीत भाषांतर करणाऱ्या दुभाष्याला वाक्य पुरे होईपर्यंत थांबावे लागते. मराठी वाचकाला हे सहज समजेल, कारण ‘मी जाणार नाही’ या आपल्या वाक्यातही नकार शेवटीच येतो. सभागृहात मात्र तो विराम दुभाष्याचा म्हणून ओळखला जात नाही. वक्ता अडखळला, असा त्याचा अर्थ लावला जातो.

आता वेगाकडे वळू. डेनिस कोकली यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वक्त्याच्या फार जवळून, जवळजवळ पाठोपाठ भाषांतर करणाऱ्या दुभाष्यांकडून अधिक चुका होत असल्याचे आढळले. थोडे मागे राहून, आशय पुरता समजून घेऊन बोलणारे अधिक अचूक ठरले. वेगाने भाषांतर करणारा प्रत्येक दुभाषी चुकतोच असे नाही. पण केवळ वेगावरून त्याचे कौशल्य ठरवता येत नाही. ज्याला भाषा कळत नाही त्याच्या डोळ्यांत वेगच आधी भरतो, आणि म्हणूनच तो फसवा निकष आहे. वेळेच्या मर्यादेविषयीही असाच गैरसमज आहे. उर्सुला बेल्युगी आणि सुझन फिशर यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले की, अमेरिकी सांकेतिक भाषेत ठरावीक वेळात केलेल्या खुणांची संख्या बोललेल्या शब्दांच्या निम्म्याच्या आसपास असते; पण त्या वेळात सांगितला जाणारा आशय मात्र जवळपास तेवढाच असतो. कर्णबधिर वक्ता ‘हळू’ बोलतो, हा निष्कर्ष केवळ खुणा मोजून काढता येत नाही.

मिलानचा धडा

न कळणाऱ्या भाषेविषयी निवाडा करण्याचे परिणाम किती दूरवर जातात, याचा दाखला इतिहासात आहे. १८८० मध्ये इटलीतील मिलान येथे कर्णबधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे कर्णबधिर विद्यार्थ्यांना मंचावर आणून त्यांच्याकडून तोंडी बोलण्याची प्रात्यक्षिके करवून घेण्यात आली. १६४ प्रतिनिधींपैकी कर्णबधिर केवळ एक होता. परिषदेने खुणांपेक्षा वाचा श्रेष्ठ असल्याचा आणि शिक्षणात केवळ तोंडी पद्धत वापरण्याचा ठराव केला. त्याचे पडसाद जगभरातल्या शाळांत उमटले आणि कित्येक पिढ्यांच्या मुलांना वर्गात आपली भाषा वापरण्यापासून रोखले गेले. भारतातील कर्णबधिरांच्या शाळांवरही तोंडी पद्धतीचाच पगडा राहिला. २०१० मध्ये व्हँकूव्हर येथील परिषदेत ते ठराव फेटाळून खेद व्यक्त करण्यात आला. त्यासाठी १३० वर्षे लागली.

मिलानमध्ये मंचावर कर्णबधिर मुले होती, परीक्षकांच्या खुर्च्यांवर जवळजवळ नव्हतेच कोणी. आपल्याकडे आजही बहुतेक परीक्षक मंडळांचे चित्र असेच आहे.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप दर्जाचा. निकष बदलले तर दर्जा घसरेल, असे म्हटले जाते. वास्तविक आज या बाबतीत दर्जा म्हणण्यासारखे काही अस्तित्वातच नाही. आहे ती परीक्षकाची मर्जी. आवाजाऐवजी खुणांची स्पष्टता, अवकाशाचा वापर, चेहऱ्यावरील व्याकरणाची अचूकता आणि श्रोत्यांशी राखलेला नजरेचा संवाद हे निकष ठेवले, तर परीक्षा सोपी होत नाही, ती खरी होते. विषयाचे ज्ञान, युक्तिवादाची बांधणी आणि प्रश्नांना दिलेली उत्तरे यांचे निकष तर सर्वांना समानच राहतील. कमकुवत मांडणी करणाऱ्या कर्णबधिर उमेदवाराला कमी गुण मिळाले पाहिजेत. ते देण्याइतपत गांभीर्याने त्याच्याकडे पाहणे, हाच सन्मान आहे.

दुसरा आक्षेप साधनांचा: प्रशिक्षित दुभाषी अत्यंत कमी आहेत. हे खरे आहे आणि ही टंचाई एका वर्षात संपणारी नाही. पण भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले दुभाषणाचे पदविका अभ्यासक्रम देशात चालतात. दिल्लीतील भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ पासून कार्यरत आहे. २०१८ मध्ये तीन हजार शब्दांनी सुरू झालेला त्याचा कोश २०२१ मध्ये दहा हजारांवर गेला. सांकेतिक भाषा शिकवण्याची पदविका तर कर्णबधिर व्यक्तींसाठीच आहे; त्यातून तयार होणारे शिक्षक परीक्षक म्हणूनही काम करू शकतात. प्रत्येक परीक्षेला परीक्षक प्रत्यक्ष हजर राहू शकत नसेल, तर सादरीकरणाची चित्रफीत त्याच्याकडे पाठवता येईल. सांकेतिक भाषेला रूढ लिपी नाही. चित्रफीत हीच तिची उत्तरपत्रिका होय.

काय करावे

माझ्या मते विद्यापीठ अनुदान आयोग, परीक्षा मंडळे आणि लोकसेवा आयोगांनी चार गोष्टी बंधनकारक कराव्यात. एक, प्रत्येक सादरीकरणाच्या गुणपत्रकात आशय आणि अभिव्यक्ती यांचे भाग वेगळे असावेत आणि अभिव्यक्तीचे निकष वक्त्याने निवडलेल्या भाषेचे असावेत. ही निवड वक्त्याची असली पाहिजे; सर्व कर्णबधिर व्यक्ती सांकेतिक भाषा वापरत नाहीत, श्रवणयंत्र किंवा कॉक्लियर इम्प्लांटच्या साहाय्याने बोलणारेही अनेक आहेत आणि ‘उच्चारां’चा रकाना त्यांच्यावर वेगळ्या रीतीने अन्याय करतो. दोन, सांकेतिक भाषेतील सादरीकरणाच्या परीक्षक मंडळात ती भाषा जाणणारा किमान एक सदस्य, शक्यतो कर्णबधिर, असावा. तीन, दुभाष्याला मांडणीचा मसुदा आणि संज्ञांची यादी आधी मिळावी, वक्त्यासोबत सरावाला वेळ मिळावा आणि दीर्घ कार्यक्रमात दोन दुभाषी आळीपाळीने काम करतील अशी सोय असावी. चार, वक्त्याच्या खुणा आणि दुभाष्याचा आवाज या दोहोंचे ध्वनिचित्रमुद्रण जतन करून फेरतपासणीचा हक्क द्यावा.

या मागण्या सवलतीच्या नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विकास कुमार प्रकरणात स्पष्ट केले आहे की, दिव्यांग व्यक्तीसाठी वाजवी सोय करणे हा समतेच्या हक्काचाच भाग आहे. भारताने २००७ मध्ये अनुसमर्थन दिलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातही ‘भाषा’ या शब्दाच्या व्याख्येत सांकेतिक भाषांचा समावेश आहे.

यापुढे जाऊन मी असे सुचवेन की, गुणपत्रकातील एक रकाना ऐकू येणाऱ्या वक्त्यांसाठीही असावा: आपले म्हणणे सर्व श्रोत्यांपर्यंत पोहोचेल अशी काळजी त्यांनी घेतली का? पडद्यावर तक्ता झळकत असतानाच जो बोलत राहतो, त्याच्या सभेतील कर्णबधिर श्रोत्याला तक्ता किंवा दुभाषी यांपैकी एकच पाहता येतो. जो फळ्याकडे तोंड करून बोलतो, तो ओठांच्या हालचाली वाचणाऱ्याला वगळतो. जो लिहून आणलेला निबंध धापा टाकत वाचतो, तो दुभाष्याला हतबल करतो आणि खरे सांगायचे तर मागच्या रांगेतील ऐकू येणाऱ्यांनाही झोप आणतो. या कसोटीवर आपल्या परिषदांतील कित्येक नामवंत वक्ते अनुत्तीर्ण ठरतील.

सादरीकरण संपल्यावर दोन्ही हात उंचावून हलवणे, ही कर्णबधिरांची टाळी आता ऐकू येणाऱ्यांच्या सभांतही दिसू लागली आहे. हात जरूर हलवावेत. पण त्या उमेदवाराला घरी नेण्यासाठी एक गुणपत्रकही हवे असते, आणि त्यावरचा आकडा त्याच्याच मांडणीचा असला पाहिजे.