शेक घेताना अंग स्थिर का ठेवायचे?

कॅन्सर हा शब्द उच्चारायलाही आपल्या वस्त्यांत आजही भीती वाटते. छातीतील गाठ बाई लपवीत राहते. पुढे ऑपरेशन होते आणि डॉक्टर सांगतात, आता शेक घ्यावा लागेल. शेक म्हणजे किरणोपचार. कोणी त्याला लाईट देणे म्हणतात. मार्कंडा-चामोर्शीकडील कितीतरी बाया त्यासाठी वैनगंगा ओलांडून नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय किंवा सेवाग्राम गाठतात. इतक्या दूर जाऊन घेतलेला उपचार नीट लागू पडावा, यासाठी बाईच्या हाती काय आहे, तेच आम्ही आज सांगणार आहोत.

शेक घेताना दुखत नाही. यंत्र काही मिनिटेच चालते. मात्र तेवढा वेळ ठरलेल्या स्थितीत निश्चल पडून राहावे लागते. कारण साधे आहे. छातीच्या फासळ्यांखाली फुप्फुस असते आणि डाव्या बाजूला हृदय. किरण तिरपे सोडून हे दोन्ही अवयव शक्य तितके वाचवले जातात. स्वीडन व डेन्मार्कमधील २१६८ स्त्रियांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. हृदयाला जितके अधिक किरण लागले, तितका पुढे हृदयविकाराचा धोका वाढला, असे त्यात दिसून आले. म्हणून अंग थोडे सरकले तरी फरक पडतो.

पहिल्या दिवशी शेक देत नाहीत. त्या दिवशी आखणी होते. बाईला बहुधा तिरक्या फळीवर निजवतात, हात डोक्याच्या वर टेकवायला सांगतात आणि सीटी स्कॅन काढतात. अंगावर शाईच्या खुणा करतात किंवा गोंदणासारखे बारीक ठिपके देतात. रोज याच खुणांवर प्रकाशाच्या रेषा जुळवून बाईला पुन्हा तसेच निजवतात. त्या खुणा घासून धुऊ नका. पुसट झाल्या तर घरी पेनाने गिरवू नका, रुग्णालयातच सांगा.

खरी अडचण हाताची असते. काखेतील ऑपरेशननंतर खांदा आखडतो. हात वर जात नाही आणि तोवर आखणी लांबते. म्हणून टाके सुकत आले की डॉक्टरांना विचारून व्यायाम सुरू करावा. भिंतीसमोर उभे राहून बोटांनी हळूहळू वर चढत जावे. दुखेल म्हणून हात पोटाशी धरून बसू नये.

टेबलावर निजल्यावर अंग सैल सोडा. कर्मचारी सरकवतील तसे सरकू द्या, आपण होऊन मदत करू नका. खोकला असेल, खांदा दुखत असेल, तर आधीच सांगा. यंत्र सुरू असताना खोलीत कोणी नसते, पण बाहेरून कॅमेऱ्यातून तुम्हांला पाहत असतात. त्रास झाला तर हाक मारा, यंत्र थांबवता येते. श्वास नेहमीसारखा संथ घ्या. डाव्या बाजूच्या शेकासाठी काही ठिकाणी खोल श्वास घेऊन रोखायला सांगतात. त्याने हृदय छातीच्या भिंतीपासून दूर सरते. तसे सांगितले तर घरी सराव करा.

परक्यांसमोर छाती उघडी करायची, या लाजेने काही बाया उपचार सोडतात. पांघरूण मागायला, सोबत बाई कर्मचारी असावी असे म्हणायला संकोच करू नका.

पूर्वी हा शेक पाच आठवडे चाले. इंग्लंडमधील अभ्यासांनंतर अनेकींना तो तीन आठवड्यांत, १५ वेळा देतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानंतर निवडक रुग्णांना तो एका आठवड्यात, ५ वेळाही देता येतो. तुमचे दिवस डॉक्टर ठरवतील. पण रोवणी आली म्हणून मधले दिवस चुकवू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचार बसतो, त्याची चौकशी रुग्णालयातच करावी. मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांना अर्धे तिकीट आहे.

घरच्यांनाही आमचे एक सांगणे आहे. रोज हात वर धरून स्थिर पडून राहणे हे कष्टाचेच काम आहे. ती ते करीत असेपर्यंत चूल, पाणी आणि रोवणी तुम्ही सांभाळा.