शहाण्याने चढावी अशी पायरी

गोळ्या वेळेवर घेऊनही रक्तदाब आटोक्यात येत नाही, पथ्य पाळूनही झोप लागत नाही, अशी तक्रार घरातील वृद्ध व्यक्ती करू लागली की आपण तिचा आहार विचारतो, औषधांची यादी पुन्हा तपासतो. जिवाला कसला घोर तर लागलेला नाही ना, हे मात्र सहसा विचारत नाही.

आमच्या परिचयातील, सत्तरी ओलांडलेल्या एका काकूंच्या बाबतीत असेच झाले. यजमानांच्या पश्चात त्यांनी राहते घर बक्षीसपत्र करून मुलाच्या नावे केले. हळूहळू औषधांच्या पैशांसाठीही हात पसरावा लागू लागला. ‘काही दिवस गावी जाऊन राहा,’ असे सुचवले जाऊ लागले. वर्षभर त्या कोणापाशी बोलल्या नाहीत. अखेर विचारले तेव्हा म्हणाल्या, “वकिलाला द्यायला पैसे कुठले? आणि शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आमचे हे नेहमी म्हणत.”

या उत्तरात दोन भये आहेत, खर्चाचे आणि कोर्टाचे. दोहोंचा विचार करू.

पहिले भय खर्चाचे. गरिबीमुळे कोणी न्यायास मुकू नये, यासाठी १९७६ साली राज्यघटनेत अनुच्छेद ३९-अ समाविष्ट करण्यात आला. त्याला अनुसरून १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला व ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो अमलात आला. त्यानुसार स्त्रिया, दिव्यांग व्यक्ती आणि अनुसूचित जाती-जमातींतील नागरिक यांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत विधी सहाय्य मिळते. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. केवळ फौजदारी खटल्यांतच नव्हे, तर घर, वारसा, पोटगी अशा दिवाणी बाबींतही हे सहाय्य मिळते. वकिलाची फी, कोर्ट फी, अर्ज-दाव्यांचे लेखन, दस्तांच्या प्रमाणित प्रती हा भार शासन उचलते. यासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अथवा तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनीवरूनही माहिती मिळते. हे दान नव्हे. हा हक्क आहे, हे ध्यानी घ्यावे.

दुसरे भय कोर्टाचे. प्रत्येक गाऱ्हाण्यासाठी दिवाणी दावाच लावावा लागतो असे नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थासाठी २००७ साली झालेल्या कायद्यान्वये प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणात साधा अर्ज करता येतो. दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मंजूर होऊ शकतो आणि नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल देणे अपेक्षित आहे. वृद्धास स्वतः जाणे अशक्य असेल, तर त्याने अधिकार दिलेली अन्य व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. मूलबाळ नसलेल्या ज्येष्ठांना, ज्यांच्याकडे त्यांची मालमत्ता जाणार आहे अशा नातेवाइकांकडून निर्वाह मागता येतो.

याच कायद्याचे २३ वे कलम प्रत्येक घराने लक्षात ठेवण्याजोगे आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि ती अट पाळली गेली नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरवून घेता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मधील एका निकालात या अटीच्या अस्तित्वावर भर दिला. २०२५ मधील दुसऱ्या निकालात कायद्याच्या कल्याणकारी हेतूकडे पाहून उदार अर्थ लावला. आपल्यासाठी बोध सरळ आहे. बक्षीसपत्र करावयाचेच असेल तर सांभाळाची अट दस्तात स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावी आणि सही करण्यापूर्वी तो दस्त विधी सहाय्याच्या वकिलास दाखवावा.

काकूंच्या दस्तात अशी अट नव्हती. त्यामुळे घर परत मिळवण्याचा मार्ग बिकट होता व त्यांनी तो धरलाही नाही. निर्वाहासाठी मात्र त्यांनी अर्ज केला. समेट घडवणाऱ्या अधिकाऱ्यापुढे मायलेक बसले. दरमहा ठरावीक रक्कम आणि औषधांचा खर्च मुलाने लेखी मान्य केला. मने पूर्ववत जुळली असे म्हणता येणार नाही. परंतु काकू त्याच घरात राहतात आणि औषधांसाठी कोणापुढे हात पसरीत नाहीत. “मुलाविरुद्ध गेले, असं आता वाटत नाही. माझं मी मागितलं,” असे त्या परवा म्हणाल्या.

शुश्रूषा करणाऱ्या मंडळींस एक विनंती. तपासण्यांचे कागद ज्या फाइलीत ठेवता, तिच्याच शेजारी आणखी एक फाइल ठेवा. वयाचा पुरावा, शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला, घराचा उतारा, केलेल्या दस्तांच्या प्रती आणि औषधांची बिले तीत असू द्या. आणि पुढच्या खेपेस रक्तदाब मोजताना, दोघेच असाल तेव्हा, हळूच विचारा, ‘कोणत्या कागदाची काळजी तर नाही ना?’ उत्तर लगेच मिळणार नाही, पुन्हा विचारा. दुखणे अंगावर काढू नये, असे आपण नेहमी म्हणतो. अन्यायालाही तेच लागू आहे.