आजारी गाय, निम्मी भरपाई

ब्रिटनमध्ये गायींना ‘मॅड काऊ’ हा मेंदूचा रोग जडल्याचे १९८६ साली कळले. १९८८ मध्ये सरकारने रोगी जनावरे मारण्याचा हुकूम काढला, पण भरपाई ठरवली निम्मी! आम्ही कापडवाले जाणतो, डागी ठाण दाखवले की निम्मीच किंमत मिळणार असेल, तर ते घडीत दडवण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. पूर्ण भरपाई १९९० मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी शेतीमंत्री जॉन गमर यांनी कॅमेऱ्यांसमोर आपल्या चिमुरडीला बीफ बर्गर देऊ केला. गिऱ्हाइकाला खात्री हवी होती, तमाशा नव्हे. मार्च १९९६ मध्ये सरकारनेच संसदेत कबूल केले, की माणसांनाही हा रोग बहुधा त्याच मांसातून लागला. आठवडाभरात युरोपने ब्रिटिश गोमांसाची निर्यात बंद केली. ती बंदी पुरती उठायला २००६ उजाडले. तोवर इमानाने धंदा करणारा खाटीकही त्यात भरडला गेला, आणि त्याची भरपाई कोणी मोजली?