लांब धाव म्हणजे आदल्या रात्रीचा अभ्यास नव्हे

मानपाडा म्हटलं की ठाणेकराला घोडबंदर रस्ता आठवतो आणि डोंबिवलीकराला कल्याण-शीळ रस्त्याला जाऊन मिळणारा मानपाडा रोड. गावं दोन, पण रविवारी पहाटेचं चित्र सारखंच. वाहनं वाढायच्या आत रस्त्याच्या कडेने धावणारी माणसं दिसतात. त्यात बँकेतले असतात, दुकानदार असतात, गृहिणी असतात आणि आपल्यासारखे शिक्षकही असतात. यातल्या बऱ्याच जणांचं ध्येय एकच असतं, हाफ मॅरेथॉन. म्हणजे २१.०९७५ किलोमीटर, पूर्ण मॅरेथॉनच्या ४२.१९५ च्या बरोबर निम्मं.

ही आवड वाढते आहे ही आनंदाचीच गोष्ट. पण माझं एक स्पष्ट मत आहे. एकवीस किलोमीटर जिद्दीने जिंकायचे नसतात, ते पाठ्यक्रमासारखे घटकाघटकाने शिकायचे असतात. आपण मुलांना वर्षभर सांगतो, "रोज थोडं थोडं कर, आदल्या रात्री घोकून काही होत नाही." मग स्पर्धेचं नाव नोंदवल्यावर आपणच तीन आठवड्यांत सगळं उरकायला का बघतो?

एका दिवसाची उडी महागात पडते

धावणाऱ्यांत 'दहा टक्क्यांचा नियम' प्रसिद्ध आहे. आठवड्याचं एकूण अंतर मागच्या आठवड्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये, असा तो नियम. ऐकायला शहाणपणाचा वाटतो. पण नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन इथे नवशिक्या धावपटूंच्या दोन गटांवर अभ्यास झाला. एका गटाने अंतर सावकाश वाढवलं, दुसऱ्याने त्यामानाने लवकर. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दुखापतींचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच निघालं.

मग नियम खोटा का? नाही, तो चुकीच्या जागी लावला जातो. डेन्मार्कच्या आर्हुस विद्यापीठातल्या संशोधकांनी पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या नोंदी तपासल्या आणि २०२५ मध्ये निष्कर्ष मांडले. मागच्या तीस दिवसांतल्या आपल्या सर्वांत लांब धावेपेक्षा एखादी धाव दहा टक्क्यांहून जास्त लांब झाली, की दुखापतीचा धोका वाढलेला दिसला. अंतर दुपटीच्या वर गेलं तर धोकाही दुपटीच्या वर गेला. आठवड्याच्या एकूण बेरजेशी मात्र असा संबंध दिसला नाही.

म्हणजे सांभाळायची ती रविवारची एक धाव. आठवडाभर कामात गेला म्हणून रविवारी सगळी थकबाकी एकदम भरून काढायची, ही आपली सवयच घात करते. परीक्षेच्या आदल्या रात्री चार धडे उरकणारा विद्यार्थी आठवतो ना? तसंच हे.

यामागचं कारणही समजून घ्या. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांतच नव्या कामाला सरावतात. स्नायूबंध आणि हाडं मात्र सावकाश बळकट होतात, त्यांना महिने लागतात. त्यामुळे दोन महिन्यांनी दम लागत नाही, 'आता मला जमतं' असं वाटतं आणि नेमकं तेव्हाच गुडघा, नडगी किंवा टाच बोलायला लागते. दम टिकला म्हणजे पाय तयार झाले असं नव्हे.

सोळा रविवारांचा पाठ्यक्रम

मुंबई मॅरेथॉन साधारणपणे जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तिथून सोळा रविवार मागे मोजले की आपण ऑक्टोबरच्या सुरुवातीला पोहोचतो. ज्यांना आज दहा किलोमीटर आरामात धावता येतात, त्यांच्यासाठी रविवारच्या धावा अशा लावता येतील:

पहिला महिना: १०, ११, १२, ९ किलोमीटर
दुसरा महिना: १३, १४, १५, ११ किलोमीटर
तिसरा महिना: १६, १७, १८, १२ किलोमीटर
चौथा महिना: १९, १३, ९ आणि मग स्पर्धा

ज्यांना अजून दहा जमत नाहीत, त्यांनी या स्पर्धेचा नाद सोडावा आणि पुढची धरावी. आधी तीन-चार महिने चालणं आणि धावणं आलटून पालटून करत दहापर्यंत यावं. यात कमीपणा काही नाही. पहिलीत न बसलेल्या मुलाला कोणी चौथीत बसवत नाही.

वरच्या आकड्यांकडे नीट बघा. प्रत्येक महिन्याच्या शेवटी अंतर कमी होतं. अनेकांना तो आठवडा वाया गेल्यासारखा वाटतो. खरं तर तीच उजळणी. ताण दिल्यावर शरीर भरून येतं ते विश्रांतीत, धावताना नाही. आणि सरावात पूर्ण एकवीस एकदाही नाहीत, हेही बघा. एकोणीस झाले की उरलेले दोन स्पर्धेच्या दिवशी निघतात, कारण त्याआधीचे दोन आठवडे पाय ताजे झालेले असतात.

आठवड्यात आणखी दोन किंवा तीन छोट्या धावा हव्यातच. नुसत्या रविवारवर एकवीस उभे राहत नाहीत. एक दिवस पायांचे आणि पाठीचे व्यायाम करा, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी घ्या.

वेग किती ठेवायचा? शेजारच्या धावणाऱ्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता आल्या पाहिजेत. वाक्य मध्येच तुटत असेल तर वेग कमी करा. घड्याळ काय दाखवतं ते लांब धावेत विसरून जा. चढ आला आणि चालावं लागलं तर खुशाल चाला.

आपल्या हवेचा आणि रस्त्याचा विचार

परदेशी तक्ते थंड हवेसाठी केलेले असतात. आपल्याकडे ऑक्टोबरमध्ये ऊनही असतं आणि दमटपणाही. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके वाढतात. अशा दिवशी वेग कमी ठेवणं हा आळस नाही, समजूतदारपणा आहे. पहाटे लवकर निघा. सव्वा तासाहून लांब धाव असेल तर बरोबर पाणी, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत, एखादं केळं किंवा दोन-तीन खजूर ठेवा. तहानेनुसार घोट घोट प्या. भीतीपोटी नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, तेही धोक्याचंच.

ठाण्याच्या मानपाड्याजवळ येऊरचा डोंगर आहे, चढाच्या सरावाचा मोह होतो. पण ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, तिथे बिबट्याचा वावर आहे. अंधारात एकट्याने त्या बाजूला जाऊ नका. घोडबंदर रस्त्यावर किंवा कल्याण-शीळ रस्त्यावर धावत असाल तर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने धावा, फिके कपडे घाला आणि कानातली गाणी बंद ठेवा. वसाहतींच्या आतले रस्ते तेच तेच वाटले तरी मुख्य रस्त्यापेक्षा बरे.

आणि हे पाठच करून ठेवा. चाल बदलावी लागेल असं दुखणं, छातीत दाब, चक्कर किंवा अचानक वाजणारी थंडी, यातलं काहीही झालं तर तिथेच थांबायचं. चाळिशीच्या आसपास असाल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असेल, तर सराव सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेटा.

आता मुलांबद्दल

हे सगळं शैक्षणिक पानावर लिहिण्याचं कारण इथे आहे. आपण धावतो ते मुलं बघतात, आणि मग काही पालकांना वाटतं की आठ-नऊ वर्षांच्या मुलालाही दहा किलोमीटर पळवावं, चित्रफीत काढावी, कौतुक मिळवावं. २ मे २००६ रोजी ओडिशातल्या बुधिया सिंग या जेमतेम चार वर्षांच्या मुलाने पुरी ते भुवनेश्वर असे ६५ किलोमीटर धाव घेतली. देशभर वाहवा झाली. डॉक्टरांनी चिंता व्यक्त केली आणि शासनाने त्याच्या अशा धावांवर बंदी आणली. त्या मुलात गुण नव्हते असं कोण म्हणेल? पण घाई मोठ्यांची होती आणि पाय त्याचे होते.

याउलट आपल्या महाराष्ट्रातल्या दोघी बघा. नाशिकच्या आदिवासी भागातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या. दोघींचं हे यश पंचविशीत किंवा त्यानंतर आलं, वर्षानुवर्षांच्या सरावानंतर. लांब पल्ला हा मोठेपणी फळणारा वृक्ष आहे. मुंबई मॅरेथॉनमध्येही पूर्ण अंतरासाठी अठरा वर्षं पूर्ण असावी लागतात, ते उगाच नाही.

शाळांनाही एक विनंती. तालुका स्पर्धेच्या पंधरा दिवस आधी चार पोरं निवडायची आणि मैदानाला फेऱ्या मारायला लावायच्या, ही पद्धत आता पुरे. त्यापेक्षा जूनपासून सगळ्या वर्गाला खेळाच्या तासाला दहा मिनिटं मजेत धावू द्या. लंगडी, खो-खो, पकडापकडी यातही भरपूर धावणं असतं. ज्याला पुढे लांब धावायचं असेल, त्याचा पाया तिथेच घातला जातो. आणि फेऱ्या मारणं ही शिक्षा म्हणून कधीच देऊ नका. ज्या गोष्टीची शिक्षा होते, तिची गोडी लागत नाही.

आपण स्वतः धावत असाल तर मुलांना पदकाबरोबर वहीही दाखवा. त्यात रविवार, अंतर, कसं वाटलं, एवढंच लिहिलेलं असू दे. नऊ किलोमीटरचा तो 'कमी' आठवडाही त्यात असू दे. प्रथम सत्राच्या पेपरांमुळे बुडालेला रविवार असेल, तर तोही लिहा आणि पुढच्या रविवारी दुप्पट धावून तो भरून काढला नाही, हेही लिहा. सावकाश वाढणं म्हणजे मागे पडणं नव्हे, हे मुलांना भाषणातून पटत नाही. घरात कोणीतरी तसं वागताना दिसलं, की आपोआप पटतं.